न उलगडलेली पातोळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की गावापुढून वाहणाऱ्या नदीला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं; लोक तिला नुसतं 'नदी' म्हणत. तेव्हा गाईगुरं बोलत असत. फार बोलायची नाहीत, कारण त्यांना रवंथ करायचं असे. पण बोलली, तर खरं तेच बोलत.

त्या गावात डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं कुटुंब राहत होतं. भाऊ, चुलतभाऊ, त्यांची मुलंबाळं, दिल्याघरी गेलेल्या लेकी, कामधंद्यासाठी लांब पांगलेली माणसं. ही सगळी वर्षातून एकदाच एका जागी जमत, ती नव्याच्या सणाला. भाताची कापणी उरकली, नवा तांदूळ कांडून झाला, की त्या तांदळाचं पहिलं जेवण सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, अशी त्या घरची रीत होती. वर्षभर कुणाचं कुणाशी काही वाकडं आलं असलं, तर ते त्या पंगतीत विरघळायचं. निदान विरघळावं, अशी अपेक्षा असायची.

या जेवणाचा बेत ठरवायचा मान थोरल्या सुनेचा. तिचं नाव सगुणा. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती, त्यामुळे पहिल्या वर्षापासून हे काम तिच्याच गळ्यात पडलं होतं आणि तिनं ते हौसेनं गळ्यात मिरवलं होतं. "सगुणेला साऱ्या घराच्या जिभा पाठ आहेत," असं गावात म्हणत. कुणाला काय लागतं हे ती झोपेतसुद्धा सांगेल, अशी तिची ख्याती होती. धाकटी जाऊ येसू, तिला वालाचं बिरडं. लखूभाऊजी गोडघाशे, त्यांना खीर. म्हाताऱ्या तात्यांना अळूची भाजी. आणि पातोळ्या मथुरावन्संसाठी.

पातोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. हळदीच्या ओल्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, त्यात गूळखोबरं भरायचं, पान दुमडायचं आणि वाफेवर उकडायचं. ताटात आली की पान उलगडायचं आणि आतली मऊ पातोळी तुपाबरोबर खायची. मथुरा म्हणजे सगुणेच्या नवऱ्याची, भिवाजीची, धाकटी बहीण. ती लहान असताना एका नव्याच्या सणाला तिनं सूपभर पातोळ्या एकटीनं फस्त केल्या होत्या. ही गोष्ट भिवाजी दर वर्षी पंगतीत सांगायचा. अगदी तीच, त्याच शब्दांत. आणि मग सगळे हसायचे, मथुराही हसायची, आणि सगुणा तिच्या पानात आणखी एक पातोळी वाढायची.

त्या वर्षीही भात चांगला पिकला होता. सण चार दिवसांवर आला आणि सगुणा गोठ्यात पाणी पाजायला गेली असताना मोठ्यानं बेत जुळवू लागली. तिला तशी सवय होती. भिंतीला सांगितलं तर भिंत मध्ये बोलत नाही, आणि तांबडी गाय सहसा बोलत नसे.

"नव्या तांदळाचा भात, बिरडं, अळू, भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर," सगुणा म्हणाली, "आणि खीर. आणि वन्संसाठी पातोळ्या."

"म्हणजे यंदाही एक अख्खी माझ्या वाट्याला येणार," तांबडी म्हणाली.

सगुणेनं पाण्याची घागर खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"पंगत उठली की उष्टी पानं माझ्यापुढे टाकता ना तुम्ही? दर वर्षी त्यातल्या एका पानात एक अख्खी पातोळी असते. उलगडलेलीसुद्धा नसते. हळदीच्या पानात जशीच्या तशी, गरम असताना ठेवल्यासारखी. कधी दोन."

"कुणाच्या पानात?"

"माझ्याकडे पानं येतात," तांबडी शांतपणे म्हणाली, "माणसं येत नाहीत. इतकंच सांगते, की ते केळीचं पान नेहमी आतल्या अंगाला दोनदा दुमडलेलं असतं. बाकीच्यांची एकदाच दुमडलेली असतात." एवढं बोलून ती पुन्हा रवंथ करायला लागली, आणि मग सगुणेनं काही विचारलं तरी तिनं कान हलवण्यापलीकडे उत्तर दिलं नाही.

आता दुसरी एखादी बाई असती तर तिला राग आला असता. इतक्या मेहनतीनं केलेली पातोळी, आणि कुणीतरी ती गुपचूप गाईला घालतंय! सगुणेला राग आला नाही असं नाही, पण तो पाण्याची घागर उचलेपर्यंतच टिकला. त्यानंतर तिच्या मनात नुसतं कुतूहल उरलं. कोण असेल? आणि नको असेल तर 'नको' का म्हणत नसेल? आणि मुळात जिला साऱ्या घराच्या जिभा पाठ, तिला हे इतकी वर्षं कळलं कसं नाही?

हे शेवटचं मात्र तिला टोचलं. पंगत जेवत असते तेव्हा वाढणारी बाई ओणवी होऊन वाढत असते. तिला पानं दिसतात, हात दिसतात. तोंडं दिसत नाहीत.

ती येसूकडे गेली. येसू ओसरीवर तांदूळ पाखडत होती.

"येसू, खरं सांग हं. तुला पातोळी आवडत नाही का?"

"मला?" येसू खळखळून हसली. "जाऊबाई, तुम्ही दोन वाढता तेव्हा मी तिसरीची वाट बघत असते." आणि मग तिनं सुपातले खडे उगीचच निवडले आणि हळूच म्हणाली, "विचारलंच आहे म्हणून सांगते. बिरडं नाही आवडत मला. वालाचा उग्र वास येतो."

"बिरडं? अगं, मी तुला दर वर्षी मुद्दाम डावभर जास्त वाढते!"

"म्हणून तर सांगवलं नाही. पहिल्या वर्षी मी लाजून पान चाटूनपुसून साफ केलं, तुम्हाला वाटलं आवडलं."

सगुणा तिथून उठली ती विचार करतच. खळ्यावर लखू भात वारवत होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "पातोळी मी खातो, वहिनी. खीरही खातो. सगळेच वाढतात, म्हणून खातो. पण गोडाच्या त्या साऱ्या गर्दीत कधीतरी हिरव्या मिरचीचा ठेचा पानाच्या कडेला मिळाला ना..." आणि त्यानं असा काही चेहरा केला, की सगुणेच्याच तोंडाला पाणी सुटलं. तात्यांना अळूनं घसा खवखवतो हे तिला त्याच दिवशी कळलं. ते म्हणाले, "पोरी, तू इतक्या आवडीनं वाढतेस. एका दिवसाच्या खवखवीनं काय मरतो मी?"

म्हणजे पाठ असलेल्या जिभांमधली एकसुद्धा तिला खरोखर पाठ नव्हती! सगुणेला आधी लाज वाटली, आणि मग, गंमत अशी, की तिला मजा वाटायला लागली. इतकी वर्षं जी माणसं तिनं पाहिलीच आहेत असं तिला वाटत होतं, ती तिला नव्यानं भेटत होती. पण न उलगडलेल्या पातोळीचा धनी काही सापडेना.

शेवटी येसूलाच आठवलं. "जाऊबाई, पान दोनदा दुमडतात त्या मथुरावन्सं. पंगत उठताना त्या स्वतःचं पान स्वतः उचलतात बघा. कुणाला हात लावू देत नाहीत. आम्ही म्हणायचो, माहेरवाशीण असून किती गुणी!"

सगुणा बघतच राहिली. साऱ्या घरात पातोळी जिच्यासाठी होते, तीच?

नेमका त्याच संध्याकाळी नदीपलीकडून नावाडी निरोप घेऊन आला. मथुरेनं कळवलं होतं की यंदा पाय दुखतो आहे, तेव्हा नव्याला येणं जमणार नाही. मागच्या वर्षी ती अशीच उशिरा आली होती आणि जेवून लगेच निघाली होती. त्याच्या आदल्या वर्षी डोकं दुखत होतं.

भिवाजीनं निरोप ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो कडक झाला. "पाय दुखतो म्हणे! सासर मोठं मिळालं, आता माहेरचं जेवण गोड लागत नाही, असं सरळ सांगावं. नाही यायचं तर नको येऊ दे. पुढच्या वर्षी आमंत्रणाला माणूस पाठवायचा नाही कुणी."

भिवाजी बोलला की बोलला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी आमंत्रण गेलं नसतं, मग त्याच्या पुढच्या वर्षी मथुरा रुसली असती, आणि एका पिढीत ती दोन घरं एकमेकांना विसरली असती. घरं अशीच तुटतात. भांडणानं तुटतात त्याहून जास्त अशी.

"उद्या मी जाते," सगुणा म्हणाली. "पाय बघून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती होडीनं पलीकडे गेली. मथुरेच्या घराशी पोचते तो समोरून मथुराच आली. डोक्यावर पाण्याचा हंडा, कमरेवर कळशी, आणि उतारावरून चालणं असं, की हरणीनं लाजावं.

"वहिनी! तुम्ही?"

"पाय कसा आहे म्हटलं, बघून यावं."

"कुठला पाय?" मथुरा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "हां... तो. आज जरा बरा आहे."

पडवीत टोपलीभर भिजवलेले वाल सोलायचे होते, सगुणा त्यांच्यासमोर बसली आणि सोलायला लागली. मथुराही बसली. बराच वेळ नुसत्या साली टोपलीत पडत राहिल्या.

"वन्सं," सगुणा शेवटी म्हणाली, "मी रागवायला आलेली नाही. मला फक्त कळत नाही, आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला स्वयंपाक सुचत नाही. तुम्हाला पातोळी नको असते का?"

"छे! मला आवडते की. दादा सांगतो ना, लहानपणी मी..."

"दादा सांगतात ते मी पाठ म्हणून दाखवेन. तुम्ही काय सांगता?"

मथुरेच्या हातातला वालाचा दाणा तसाच राहिला. मग ती बोलली, पण सगुणेकडे न बघता.

"त्या दिवशी मी खूप पातोळ्या खाल्ल्या, हे खरं आहे. सगळ्या संपल्या. आईनं आपली एक झाकून ठेवली होती, सगळ्यांचं झाल्यावर खाऊ म्हणून. मी तीही मागितली. हट्ट केला, रडले. तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'तू खा. मी पुढच्या वर्षी खाईन.'" मथुरा थांबली. "पुढच्या वर्षी ती नव्हती, वहिनी. थंडीतच गेली. तेव्हापासून हळदीच्या पानाचा वास आला की माझा गळा आवळतो. घास उतरतच नाही."

सगुणेचे डोळे भरून आले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? एका शब्दात सांगायचं, की नको."

"कुणाला सांगू? दादाला?" मथुरा म्हणाली. "त्याच्यापाशी आईची सुखाची अशी ही एकच आठवण आहे. दर वर्षी ती सांगताना त्याचं तोंड कसं होतं, तुम्ही बघितलं नाही. तुम्ही वाढत असता. मी समोर बसलेली असते, मी बघते. त्याच्याकडून ती कशी काढून घेऊ? आणि तुम्ही तर पानात माया वाढता. मायेला नको कसं म्हणायचं? म्हणून पान दुमडते. पण आता ते हसणंही जड होतं मला. त्यापेक्षा पाय दुखलेला बरा."

मग तिनं सगुणेचा हात धरला. "दादाला सांगू नका. शपथ आहे."

"नाही सांगत," सगुणा म्हणाली. "पण एक करा. मी पहिल्यांदाच विचारतेय, तेव्हा खरं उत्तर द्या. नव्याच्या दिवशी तुमच्या पानात काय वाढू?"

जणू तो प्रश्न मथुरेला परभाषेत कुणी विचारला होता. पडवीच्या कडेला बसलेलं मांजर उठून गेलं, तरी ती विचारच करत होती.

"कुळथाचं सार," ती शेवटी म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. "आणि गरम भात. सणाच्या दिवसाला शोभत नाही, मला माहीत आहे. पण आई रोज ते करायची. सणाचं नाही आठवत मला फारसं. रोजचं आठवतं."

"मग या," सगुणा म्हणाली. "पाय घेऊन या."

घरी आल्यावर सगुणेनं नवऱ्याला सांगितलं, की वन्सं येणार आहेत. भिवाजीचा चेहरा उजळला. पण पुढचं ऐकलं आणि तो उठून उभाच राहिला.

"कुळथाचं सार? नव्याच्या सणाला? माहेरवाशिणीच्या पानात? अगं, गडीमाणसं शेतावर खातात ते! लोक म्हणतील, भावाची परिस्थिती एवढी आटली का?"

"अहो, त्यांनीच मागितलंय."

"तू विचारलंस कशाला पण? आपल्या माणसाला विचारायचं असतं का? परक्याला विचारतात. आपल्या माणसाचं आपल्याला माहीत असतं."

सगुणेला चार दिवसांपूर्वी हे अगदी पटलं असतं. आता ती म्हणाली, "परक्याला एकदा विचारलं की पुरतं, तो उठून जातो. आपलं माणूस आपल्यासमोर वर्षानुवर्षं बसतं आणि बसल्या बसल्या बदलतं. त्याला तर पुन्हा पुन्हा विचारायला हवं." आणि मग तिला एकदम सुचलं. "तुम्हाला काय हवं यंदा?"

"मला? मला काय, सगळं चालतं."

"सगळं चालतं हे मला माहीत आहे. हवं काय?"

भिवाजी रागानं खळ्याकडे निघून गेला. सगुणा अळूऐवजी दुसऱ्या कुठल्या भाजीनं तात्यांचा घसा सुखी राहील याचा विचार करत राहिली. ऊन उतरायला लागलं तेव्हा भिवाजी परत आला. तो दारातच उभा राहिला, आणि दुसरीकडेच कुठेतरी बघत म्हणाला,

"फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवलेल्या आहेत ना? त्यांची भाजी. ओलं खोबरं घालून." मग जरा थांबून म्हणाला, "कुळथाचं काय ते बघ तुझं तू."

सणाच्या दिवशी अंगण सारवून पंगत मांडली. मथुरा आली होती. केळीच्या हिरव्यागार पानांवर नव्या तांदळाचा भात पडला आणि त्याची वाफ वर गेली. पदार्थ नेहमीपेक्षा जास्त नव्हते, पण पानापानांत फरक होता. येसूच्या पानात बिरडं नव्हतं. लखूच्या पानाच्या कडेला ठेचा होता आणि तो इतरांपासून हातानं झाकून बसला होता. तात्यांसमोर मऊ भोपळ्याची भाजी होती. पातोळ्या होत्याच, कारण मुलांना त्या हव्या होत्या. पण मथुरेच्या पानाजवळ त्यांचं ताट थांबलं नाही. तिच्या भातावर सगुणेनं कुळथाचं सार ओतलं, वरून लसणीची फोडणी.

शेजारची एक बाई म्हणालीच, "अगबाई! सणाला कुळीथ?" पण तोवर मथुरेनं पहिला घास घेतला होता. तिनं डोळे मिटले. मग उघडले, आणि भराभर जेवायला लागली, लहान मूल जेवतं तशी, मनगटापर्यंत ओघळ येईतोवर.

"वहिनी," ती म्हणाली, "आणखी वाढा."

सगुणा वाढायची थांबली. इतक्या वर्षांत मथुरेनं त्या पंगतीत कधी काही मागून घेतलं नव्हतं. भिवाजीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तो बहिणीकडे टक लावून बघत होता. आठळ्यांची भाजी त्याच्या पानात अर्धी संपली होती आणि त्याचं मन खुलं झालं होतं. त्यानं नेहमीप्रमाणे घसा साफ केला. सगळ्यांनी ओळखलं, आता गोष्ट येणार.

"मथुरा लहान होती ना," त्यानं सुरुवात केली, "तेव्हा असाच नव्याचा सण होता, आणि आईनं सूपभर पातोळ्या..."

मथुरेचा हात भातात थांबला. सगुणेला शपथ घातलेली होती, तिला काही बोलता येत नव्हतं. पण भिवाजी मध्येच अडखळला. त्यानं बहिणीच्या पानाकडे पाहिलं. तिथे पातोळी नव्हती. सार होतं, आणि पान जवळजवळ साफ झालं होतं. काय झालं त्याच्या मनात, कोण जाणे. त्यानं गोष्ट तिथेच सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं,

"मथुरे, तुला काय आठवतं ग त्या दिवसाचं?"

मथुरेनं आधी वहिनीकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, काही न लपवता. शेवटची पातोळी, हट्ट, आईचे शब्द.

भिवाजी ऐकत होता. त्याच्या हातातला घास पानात परत गेला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी शेतावर होतो. मी आलो तोवर तू झोपली होतीस, आणि आई हसत होती. रिकामं सूप दाखवत मला म्हणाली, 'बघ, तुझ्या बहिणीनं काय केलं!' इतकी हसत होती, मथुरे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

"हसत होती?"

"मग सांगतोय काय! स्वतःची पातोळी खायची राहिली म्हणून ती हळहळली नव्हती. तू खाल्लीस, याचंच तिला अप्रूप होतं. माझं जेवण होईपर्यंत तेच तेच सांगत होती."

मथुरेला हे ठाऊक नव्हतं. ती झोपली होती ना! अर्धी गोष्ट बहिणीपाशी होती, अर्धी भावापाशी, आणि दोघंही आपापली अर्धीच गोष्ट पुरी समजून दर वर्षी समोरासमोर बसत आले होते. मथुरा पदरात तोंड लपवून रडली, पण त्या रडण्यात गळा आवळलेला नव्हता, सुटलेला होता. भिवाजी पानावरून उठला. खरं तर पानावरून मधेच उठू नये म्हणतात, पण त्याला कुणी अडवलं नाही. तो आत गेला, एक कोवळं केळीचं पान घेऊन आला, ते तुळशीपाशी मांडलं आणि त्यावर एक पातोळी ठेवली.

"आईचं राहिलं होतं," तो म्हणाला, आणि येऊन पुन्हा जेवायला बसला.

पंगत उठली. मग वाढणाऱ्या बायका जेवायला बसल्या, तेव्हा मथुरेनं पदर खोचला आणि सगुणेला हाताला धरून पाटावर बसवलं.

"वहिनी, आता मी वाढते. बोला, तुम्हाला काय हवं?"

"मला काय, सगळं चा..." सगुणा म्हणाली आणि थांबली. सगळ्या जणी हसायला लागल्या. सगुणाही हसली, पण मग खरंच विचारात पडली. अख्ख्या घराला विचारत फिरली होती ती. स्वतःला विचारायचं राहूनच गेलं होतं. तिला काय आवडतं? ती स्वतःबद्दल इतकी उत्सुक कधी झालीच नव्हती.

"खरवड," ती म्हणाली.

"काय?"

"भाताच्या हंड्याच्या तळाला लागते ना, करपलेली, कुरकुरीत? ती. ताक आणि मीठ घालून. माहेरी मी तिच्यासाठी भावंडांशी भांडायची."

दारातून भिवाजी ओरडला, "अगं, लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच सगळ्यांना बजावलं होतं, की नव्या नवरीला खरवड खायला देऊ नका! मला केवढा अभिमान होता त्याचा!"

"ठाऊक आहे," सगुणा म्हणाली. "तेव्हापासून ती कोंबड्या खातात आणि मी बघत बसते."

त्या दिवशी त्या अंगणात जे हसू उठलं, ते म्हणे नदीपलीकडे नावाड्याला ऐकू गेलं. येसूनं हंडा आडवा केला, मथुरेनं उलथन्यानं तळ खरवडला आणि सगुणेच्या पानात खरवडीचा ढीग पडला. शेजारची बाई जाता जाता कुळथाच्या साराची वाटी भरून घेऊन गेली, तेही सांगायला हरकत नाही.

मथुरा त्या वर्षी जेवून लगेच निघाली नाही. ती बरेच दिवस राहिली, आणि निघाली तेव्हा भिवाजी तिला पोचवायला होडीतून पार पलीकडे गेला. पुढच्या वर्षी आमंत्रणाला माणूस गेला नाही. भिवाजी स्वतःच गेला, आणि दारात पाऊल ठेवण्याआधीच त्यानं विचारलं, "यंदा काय खाणार?"

तेव्हापासून त्या गावात रीतच पडली. सण कुठलाही असो, बेत ठरवण्याआधी घरातली बाई किंवा बाप्या माणसामाणसापाशी जाऊन बसतो आणि विचारतो. मागच्या वर्षी विचारलेलं असलं तरी विचारतो. उत्तरं कधी बदलतात, कधी नाहीत. पण त्या गावची माणसं पंगतीला यायचं टाळत नाहीत.

म्हणून थोरामोठ्यांनो, लेकरांनो, ध्यानात ठेवा: माया मनात कितीही असली तरी विचारावं तोंडानं, न विचारता वाढलं तर पान भरतं, पण माणूस उपाशी उठतो.